कम्यून, मुन्शीपाल्टी आणि विनिमय

प्रश्न असा आहे: फ्रान्समधल्या एका खेड्यावरच्या मराठी कार्यक्रमात निवेदक सारखा 'हे कम्यून' म्हणत होता. ती साम्यवाद्यांची वसाहत समजायची का? नसेल, तर मराठीत 'ग्रामपंचायत' म्हणावं का?

साम्यवाद्यांचा काडीचाही संबंध नाही. कम्यून म्हटलं की लाल झेंडा, नाहीतर केस वाढवून गांजा ओढणारी मंडळी, हे ऐकून कान किटले आहेत. १७८९ च्या डिसेंबरात क्रांतिकारकांनी बहुतेक जुन्या चर्च-पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हाताखालच्या वस्त्यांच्या, हद्दींवरच स्थानिक कारभार उभा केला. १७९३ मध्ये शहर, कसबा, खेडं ही वेगवेगळी बिरुदं रद्द करून सगळ्यांना एकच नाव दिलं, कम्यून. मार्क्स तेव्हा जन्मायचा होता. आज अशी सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. पॅरिस हे कम्यूनच, आणि द्रोम जिल्ह्यातलं रोशफुर्शाही. तिथं जनगणनेत वर्षानुवर्षं एकच माणूस नोंदला जात होता. वर्दँजवळचं फ्लरी पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या लढाईत जमीनदोस्त झालं, पुन्हा वसलं नाही, तरी कम्यून म्हणून कायम आहे. वस्ती शून्य, म्हणून मेयर प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारी प्रतिनिधी, नेमतो. अशी सहा गावं आहेत त्या भागात.

'ग्रामपंचायत' म्हणून चालणार नाही ते यामुळेच. पंचायत म्हणजे कारभारी मंडळ. कम्यून म्हणजे हद्द आणि तिच्यातली माणसं. आणि कृपा करून तिथल्या मेयरला 'महापौर' म्हणू नका. ऐंशी उंबऱ्यांच्या गावाला कसला महापौर! सरपंच म्हणा. फक्त हा सरपंच तिरंगी पट्टा घालून लग्नंही लावतो, आणि चर्चमधलं लग्न त्यानंतरच करता येतं.

आता मुद्द्याचं. कम्यून म्हणजे लॅटिन 'कोम' अधिक 'ऊनुस', म्हणजे 'मिळून एक होणं', अशी फोड काही विद्वान छातीठोकपणे छापतात. फार गोड आणि साफ चूक. स्वरापुढे 'कोम'मधला म सहसा गळतो. मग मधला म आला कुठून? तो धातूचाच आहे. शेजारच्या जर्मन 'गेमाइंडे'कडे बघा. अर्थ तोच, घडण तीच, आणि 'गे' या उपसर्गानंतर म तिथंही ठाण मांडून बसलाय. शब्द आहे 'मूनुस': कर्तव्य, आळीपाळीनं करायचं काम, देणं. कोमूनिस म्हणजे ज्यांच्यात देणं-करणं वाटून घेतलेलं आहे ते. हे देणं उचलणारं गाव ते 'मूनिकिपियुम', ज्यातून आपली मुन्शीपाल्टी आली. त्यातून सुटलेला तो 'इम्यून'. आणि या सगळ्याच्या मुळाशी देवघेवीच्या अर्थाचा जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात 'मयते' म्हणून येतो. वि आणि नि लावा: विनिमय! बँकेच्या पाटीवरचं 'विदेशी विनिमय' आणि फ्रेंच खेडं ही एकाच घरातली भावंडं आहेत, हे कुणी शाळेत सांगितलं नाही.

बाराव्या शतकात शहरवासी शपथ घेऊन सरंजामदाराविरुद्ध एकत्र येत, त्या जुटीला हे नाव होतं, आणि उत्तर फ्रान्समधल्या लाआँ शहरातल्या १११२ च्या उठावावर लिहिणाऱ्या एका मठाधिपतीनं या नावालाच 'नवं आणि अतिशय वाईट' म्हटलं. शहराचं हे भांडखोर नाव पुढे गुराढोरांच्या खेड्यांना चिकटलं.

आणि तरी ते खेड्यालाच शोभतं, असं माझं ठाम मत आहे. पूर्व फ्रान्समध्ये अनेक कम्यूनांचं स्वतःचं जंगल असतं. त्यातलं जळण गावकऱ्यांत वाटायची जुनी रीत आहे, 'आफुआज'. नावातच चूल आहे, लॅटिन 'फोकुस'. हिवाळ्यात ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचं तोडायचं, रचायचं, आणि स्तेरमध्ये मोजायचं. एक स्तेर म्हणजे एक घनमीटर रचलेलं लाकूड. कम्यूनला थोडी रक्कम भरायची, आणि मिळालेलं जळण विकायचं नाही. घरं उंबऱ्यांनी मोजणाऱ्या मराठीला चुलींनी मोजणारं गाव परकं वाटू नये. म्हणून माझा शब्द 'गावकी'. पॅरिसला तो शोभत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पॅरिसला कम्यून तरी कुठं शोभतं?

'गावकी' शब्द फार देशी वाटतो, असा आक्षेप घेणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. पोर्तुगिजांनी तिथल्या गावकारीला, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेला, 'कोमुनिदाद' म्हटलं, म्हणजे याच लॅटिन शब्दाचं बारसं आपल्या गावकीला झालेलंच आहे. फरक वाट्यात आहे. गोव्यात जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, जोण, परंपरेनं गावकारांच्या पुरुष वंशजांना मिळतो; आफुआजचं जळण मात्र गावात खरोखर कायमचं घर करून राहणाऱ्यालाही मिळतं, मग त्याचा आजा कुठलाही असो.