घरात काही कमी नाही, मग मुलगी गप्प का?

"आम्ही तिला काही कमी पडू देत नाही, शाळाही उत्तम मिळाली आहे, तरी ती दिवसेंदिवस गप्प होत चालली आहे, हे वयामुळेच असेल ना, मॅडम?" किशोरवयीन मुलांचे पालक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात आणि त्यांना 'हो, वयामुळेच' एवढेच ऐकायचे असते. वयाचा वाटा असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ या वयोगटात साधारण सातांपैकी एकाला मानसिक आजार असतो. मात्र एकाच वर्गातली, एकाच वयाची दोन मुले इतकी वेगळी का वागतात, हे वयावरून कळत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या एका आईची मुलगी पंधरा वर्षांची होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कुटुंब कामासाठी दुसऱ्या प्रदेशातून आलेले, घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी, वडिलांचे उत्पन्न अनिश्चित, आणि शिष्यवृत्तीमुळे मिळालेली शाळा सुखवस्तू घरांतील मुलांची. शाळेच्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखत असे. तपासण्यांत काहीच निघाले नव्हते. वर्गशिक्षिकांना त्यामागे भाषेचा न्यूनगंड दिसत होता, वडिलांना श्रीमंत मैत्रिणींच्या संगतीचा परिणाम, तर आईला वय. तिघांचेही म्हणणे थोडे थोडे बरोबर होते, आणि त्यामुळेच पुढे कोणी काही विचारले नव्हते.

पहिल्याच भेटीत मी तिला, जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे सरळ विचारले. असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको तो विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. तिच्या मनात तसे काही नव्हते. मग तिच्या एका दिवसाचा आराखडा आम्ही मांडला: कोणत्या वेळी ती कुठे असते, सोबत कोण असते, आणि तिथे कोणती गोष्ट बोलता येत नाही. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त मजकूर जमला.

वर्गातल्या मुलींच्या गप्पा सहली आणि खरेदीभोवती फिरत. तिथे ती वडिलांचे काम लपवत असे. शिष्यवृत्तीवर आलेल्या, तिचीच भाषा बोलणाऱ्या मुलांचा एक गट होता, पण तो संध्याकाळी मैदानावर जमे आणि त्यात सगळे मुलगे होते. त्या वेळी तिला घरी धाकट्या भावाला सांभाळावे लागे. म्हणजे मुलगी म्हणून एक गट आणि स्थलांतरित घरातली म्हणून दुसरा, असे दोन आधार दिसायला होते, पण दोन्हींपैकी एकातही तिला जागा नव्हती.

किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकी कायदेतज्ज्ञ विदुषींनी १९८९ मध्ये 'आंतरछेदितता', म्हणजे वंश, लिंग अशा ओळखी एकत्र आल्या की भेदभाव वेगळेच रूप घेतो, ही संकल्पना मांडताना नेमकी हीच अडचण दाखवली होती. त्यांच्या उदाहरणांत १९७६ चा एक निकाल आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांनी एका मोटार कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात न्यायालयाने लिंगभेदाचा आरोप फेटाळला, कारण कंपनीत स्त्रियांना नोकऱ्या मिळाल्या होत्या. वंश आणि लिंग यांचा एकत्रित दावाही मान्य केला नाही. नोकऱ्या मिळालेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. शाळाही मुलींची आणि शिष्यवृत्तीधारकांची अशी वेगवेगळी मोजणी करते, तेव्हा दोन्हींत बसणारी मुलगी नजरेतून सुटते.

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. पालकसभेत शिक्षिकांचे बोलणे आईला तीच समजावून सांगत असे; स्वतःविषयीची तक्रारसुद्धा. दवाखान्यातही दुभाषी तीच, त्यामुळे आईच्या आजाराचे गांभीर्य घरात सर्वांत आधी तिला समजले आणि ते तिने कित्येक दिवस मनातच ठेवले. अशा मुलांना आपल्या कामाचा अभिमानही वाटतो, तिलाही होता. म्हणून 'हे ओझे आहे' असे मी परस्पर ठरवले नाही. मात्र स्वतःची तक्रार स्वतः सांगणे आणि आईचे निदान एकटीने पेलणे, या दोन गोष्टी तिच्याकडून काढून घेतल्या. त्या कामांसाठी शाळेने आणि दवाखान्याने ती भाषा जाणणारी प्रौढ व्यक्ती दिली. शिष्यवृत्तीधारकांच्या गटाची एक बैठक शाळेच्या वेळातच होऊ लागली आणि तिथे तिला दोन मुली भेटल्या.

यावरून गरिबी, भाषा आणि लिंग यांची बेरीज करून मुलांच्या त्रासाचा आकडा काढू नये. अगदी अशाच घरातली दुसरी मुलगी मजेत असू शकते, कारण तिच्याकडे एखादी मावशी असते किंवा तिचे ऐकून घेणारे शिक्षक असतात. पालकांनी मुलाला कुठे काय लपवावे लागते, एवढे विचारून पाहावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप, भूक आणि अभ्यास बिघडला, तर तज्ज्ञांना भेटावे. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकू आली, तर एक दिवसही थांबू नये.

या मुलीची पोटदुखी आता परीक्षेच्या दिवसांपुरती उरली आहे. संध्याकाळी भावाला सांभाळण्याची जबाबदारी वाटून घेण्यास वडील अजून तयार नाहीत, आणि पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.