टोकियोहून हाकोनेची एक दिवसाची कोच टूर घ्यावी का? सोबत दम्याचे बाबा आहेत.

टूर जरूर घ्या, पण बाबांना ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या खोऱ्यात उतरवू नका. तिथे जमिनीतून गंधकाचे वायू सतत निघतात. दमा, हृदयविकार, पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिथे जाऊ नये अशी स्थानिक सूचना आहे. रोपवेही त्यावरूनच जातो. म्हणून बुकिंगआधीच गाइडला विचारा: बाबांना थेट आशी तलावाच्या बोटीपाशी थांबता येईल का?

वायू वाढला किंवा वारा सुटला की रोपवे बंद होतो (2015 च्या उद्रेकानंतर तर तो बरेच महिने बंद होता), म्हणून पर्यायी कार्यक्रम लेखी घ्या. चांदीचे दागिने हॉटेलवरच ठेवा, काळे पडतात. ओवाकुदानीत मिळणारी काळ्या टरफलाची उकडलेली अंडी आतून साधीच असतात. लोह आणि गंधकामुळे फक्त टरफल काळं होतं. फुजी हिवाळ्यात सकाळी नीट दिसतो.