वाचक विचारतात: आजोबांच्या रायफलला पीप साईट लावू का?

प्रश्न: आजोबा मिलिटरीत होते, त्यांची जुनी .३१५ बोल्ट ॲक्शन रायफल आता माझ्या लायसनवर आहे, ॲक्शन (गोळी भरायची-उडवायची यंत्रणा) अगदी थ्री नॉट थ्रीसारखी. वय ५७, चष्मा आहे, नळीवरची मागची साईट (नेम धरायची खाच) आता नुसती धुरकट दिसते. वागळे इस्टेटमध्ये मित्राचं लेथ आहे, तो म्हणतो मागे दोन भोकं पाडून पीप साईट, म्हणजे बारीक भोकातून बघायची मागची साईट, बसवून देतो. करून घेऊ का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: पीप साईट लावायचा विचार एकदम बरोबर आहे, पण मित्राकडून भोकं अजिबात पाडून घेऊ नका.

आधी डोळ्याचं बघू. उघड्या साईटमध्ये मागची खाच, पुढची पोस्ट (नळीच्या टोकावरची उभी काडी) आणि टार्गेट अशा तीन गोष्टींवर डोळा नाचवावा लागतो आणि पन्नाशीनंतर जवळचं फोकस होत नाही, मग खाच पसरल्यासारखी दिसते. पीपमध्ये भोकाकडे बघायचंच नसतं, त्यातून आरपार बघायचं, डोळा आपोआप मध्य धरतो, आणि बारीक भोकामुळे पोस्ट आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, त्या प्रकारात सगळे पीपमधूनच बघतात.

खर्चाआधी एक करा. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, चष्म्याच्या काचेवर नेम धरताना डोळा जिथे येतो तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा, त्याला सुईने साधारण दीड मिलिमीटरचं भोक पाडा आणि पोस्टकडे बघा. धारदार दिसली तर समजा फायदा होणार. नाहीच दिसली तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, साईट नंतर.

आता भोकांचं. ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या ॲक्शनमध्ये बोल्टचे लॉकिंग लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) मागच्या बाजूला असतात, म्हणजे गोळी सुटताना ताण रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) मागच्या भिंतींवर येतो, आणि मित्राला भोकं नेमकी तिथेच पाडायचीयत! एका ओळखीच्यांच्या रायफलवर ड्रिल तिरकं गेलेलं मी स्वतः बघितलंय, अजून वाईट वाटतं. शिवाय आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती, बदल हा धंदा लायसनवाल्यानेच करायचा, मित्र कितीही हुशार कारागीर असला तरी रायफल त्याच्या शेडमध्ये नेणं तुम्हाला आणि त्याला दोघांना महागात पडेल. लायसनधारक गनस्मिथकडे जा आणि विचारा की आधीपासून असलेल्या स्क्रूच्या भोकांवर बसणारी साईट मिळेल का. जुन्या पार्कर-हेल साईट्स याच पद्धतीने बसायच्या, काढली की रायफल परत आजोबांच्या वेळची.

बसल्यावर पहिले शॉट वर गेले तर घाबरू नका, मागची साईट जुन्यापेक्षा उंच बसली की असं होतं, उपाय म्हणजे पुढची पोस्ट उंच करणं. किती, तर हिशोब सोपा: चूक गुणिले दोन साईट्समधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. ५० मीटरवर १० सेंटिमीटर वर लागतंय आणि साईट्समध्ये ७३० मिलिमीटर अंतर आहे, तर साधारण दीड मिलिमीटर. उंच पोस्ट बसवली की ती एकदम कापू-घासू नका, थोडं थोडं करत रेंजवर बघा.

पीपचं भोक किती मोठं? उन्हात १.२ मिलिमीटर छान, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ढग आले की त्यातून अंधारच दिसतो, तेव्हा २ च्या आसपासचं घ्या. बदलता येणारी डिस्क (भोकाची चकती) मिळाली तर उत्तमच. आणि स्क्रूला तेलाचा हात फिरवत जा, ठाण्याच्या हवेत गंज फार लवकर धरतो.

प्रश्न: थ्री नॉट थ्रीच्या जुन्या नंबर १ रायफलची मागची साईट नळीवर आणि नंबर ४ ची डोळ्याजवळ, असं का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: नंबर १ मार्क ३ हे १९०७ चं डिझाईन, उघडी खाच, दोन साईट्समध्ये जेमतेम १९.४ इंच. नंबर ४ मध्ये मागची साईट रिसीव्हरच्या मागच्या टोकाला नेऊन पीप केली आणि तेच अंतर २८.७ इंच झालं. नेमात पाव मिलिमीटरची चूक झाली तर १०० मीटरवर नंबर १ सुमारे ५ सेंटिमीटर चुकते, नंबर ४ साडेतीनच.