तिसरी गिटार कोणती घ्यावी?

प्रश्न : मी हौस म्हणून गिटार वाजवतो. घरात दोन ड्रेडनॉट (मोठ्या पेटीच्या) अकूस्टिक आहेत, दोन्हींना स्टीलच्या तारा. हळूहळू छोटासा संग्रह करायची इच्छा आहे, पण घरखर्च आणि मुलांची फी भागवून हातात फारसं काही उरत नाही. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या धाटणीची एक वापरलेली इलेक्ट्रिक निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. तिचा हेडस्टॉक (खुंट्यांचा वरचा भाग) मात्र एकदा तुटून जोडलेला आहे. घ्यावी, की थांबून आणखी एक चांगली अकूस्टिक घ्यावी?

उत्तर : अकूस्टिक तर अजिबात नको. तुमच्याकडे एकाच आवाजाच्या दोन आहेत, तिसरीने फक्त कोपरा अडेल. तुटपुंजा पैसा असणाऱ्याने गिटारी नाही, आवाज जमवावेत. पहिला नवा आवाज तर फुकटात मिळेल. दोघींपैकी एकीची सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवा. हे झालं डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग, म्हणजे सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंतचे स्वर. ती गिटार कायम तशीच ठेवा. ओळखीचे कॉर्ड तिथे चालत नाहीत, त्यामुळे बोटं आपोआप नव्या वाटा शोधतात.

आता ती इलेक्ट्रिक. या धाटणीत हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, त्यामुळे अखंड लाकडातून कोरलेल्या नेकमध्ये (दांडीमध्ये) लाकडाच्या रेषा तिथे तिरप्या कापल्या जातात. शिवाय ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक सांभाळणारी सळई) फिरवण्यासाठी नटच्या (तारा जिच्या खाचांतून हेडस्टॉककडे जातात त्या पट्टीच्या) अगदी मागे खोबण खणलेली असते. म्हणजे जिथे ताकद हवी नेमकं तिथलंच लाकूड कमी! गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की तिथेच मोडते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिकचा हेडस्टॉक नेकच्या रेषेतच असतो, म्हणून तिला हे दुखणं फारसं नाही.

पण नीट चिकटवलेला सांधा भक्कम असतो, जोडलेल्या गिटारी वर्षानुवर्षं वाजतात. बघायला जाताना घाई करू नका. सांध्यावरून नख फिरवा, अडकलं तर फट अजून उघडी आहे. स्क्रू ठोकून जोडलेली दिसली तर नमस्कार करून बाहेर पडा. मागच्या बाजूला काळ्या रंगाचा जाड पट्टा फासलेला असेल तर तो कशासाठी हे सरळ विचारा. मग सुरात लावून अर्धा तास तिथेच वाजवा. जुन्या, रुळलेल्या तारांवरही सगळ्या तारा मिळून उतरत राहिल्या तर सांधा हलतोय असं समजा. एखादीच तार उतरत असेल तर बहुधा खुंटी किंवा नटची खाच, ते किरकोळ आहे.

फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तारांखाली खोल चरे पडले असतील तर सगळे फ्रेट बदलावे लागतात आणि ती मजुरी स्वस्त गिटारीच्या किमतीला येऊन टेकते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) जुळला नाही तर घाबरू नका, ब्रिजवरच्या सॅडलचा (तार टेकते त्या तुकड्याचा) स्क्रू फिरवून ते बसवता येतं. आवाजाची बटणं खरखरली तर मनातून खूश व्हा. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुतेक वेळा पुरतो, आणि घासाघीस करायला तुम्हाला मुद्दा मिळतो.

पैशांचा हिशेब फक्त गिटारीपुरता करू नका. छोटा प्रॅक्टिस ॲम्प, केबल, नव्या तारा आणि कारागिराकडून सेटअप (गिटार वाजवायला नीट जुळवून घेणं), हे सगळं त्याच रकमेत बसलं पाहिजे. सेटअप तर मी सोडूच देणार नाही. सहाव्या तारेची ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बाराव्या फ्रेटवर साधारण २ मिलिमीटरवर आणली की साधी गिटारही हाताला गोड लागते, आणि उंच ॲक्शनची महागडी कोपऱ्यात धूळ खाते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, जोडलेली गिटार पुढे विकतानाही कमीच किंमत येईल. तेव्हा ही घ्यायची ती वाजवायला. पैसे कमी पडले तर दुसरी ड्रेडनॉट काढून टाका, डी-ए-डी-जी-ए-डी उरलेलीवरही लागतं. चौथी कधी घ्यायची झालीच तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल बघा. तिच्यावर हौसेने स्टीलच्या तारा चढवू नका, तो ताण ब्रिज उखडून टाकतो.

आणि पहिल्या भेटीत होकार देऊ नका. दोनेक दिवसांनी फोन करून थोडी आणखी कमी किंमत सांगा. जोडलेल्या हेडस्टॉकला गिऱ्हाईक सहसा लगेच मिळत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.