घरूनच तर ओपीडी आहे, मग एवढं दमायला काय होतं?

हा प्रश्न दुसऱ्यांनी विचारलेला नाही, डॉक्टर स्वतःच स्वतःला विचारतात. कोविडच्या काळात घरून व्हिडिओवर पेशंट बघणारे कितीतरी डॉक्टर माझ्याकडे हेच घेऊन आले, आणि पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं, "तक्रार करायचा मला हक्क तरी आहे का?" त्यातली एक केस सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत.

बाई फिजिशियन, चाळिशीतल्या. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती म्हणून २०२० मध्ये हॉस्पिटलने त्यांना वॉर्डातून काढून ऑनलाइन ओपीडीला बसवलं. बरोबरचे लोक पीपीई किटमध्ये घामाघूम आणि आपण घरात खुर्चीवर, ही बोच. मग तिची भरपाई म्हणून कोणालाच नाही म्हणायचं नाही, रात्री अकराला रिपोर्टचा फोटो आला तरी उत्तर द्यायचं, जेवताना फोन आला तरी घ्यायचा, आणि नोट्स राहिल्या की त्या मुलगा झोपल्यावर लिहीत बसायचं. त्या म्हणाल्या, मुलगा हल्ली काही बोलायच्या आधी माझ्या कानाकडे बघतो, इअरफोन दिसला की तसाच मागे फिरतो. हे सांगताना त्या चक्क हसल्या. मला त्या हसण्याचीच जास्त काळजी वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितलीत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्यांच्या मते तो आजार नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था आहे. डॉक्टरबाईंचं तिसरं फार ठळक होतं, "पोट दाबून बघता येत नाही, छाती ऐकता येत नाही, मी अर्धीच डॉक्टर." आणि खरंच, स्क्रीनवर जे हाताने कळलं असतं ते प्रश्न विचारून काढावं लागतं, समोर सतत कोणाचा तरी चेहरा अगदी जवळ, कोपऱ्यात आपलाही, उठून दोन पावलं चालणं नाही, तर दमणारच ना!

आम्ही आधी त्या बोचेवरच बोललो. मी विचारलं, तुमचे बीपी-शुगरचे फॉलोअपवाले पेशंट हॉस्पिटलात आले असते तर कुठे बसले असते? थोडा वेळ गप्प, मग स्वतःच म्हणाल्या, संसर्ग असलेल्यांच्या शेजारी. बोच गेली नाही, पण त्यानंतर वेळेचं बोलणं तरी शक्य झालं.

नोट्स त्या-त्या पेशंटच्या स्लॉटमध्येच संपवायच्या, म्हणजे दिवसाला पेशंट कमी होणार, हे त्यांना प्रशासनाशी भांडून मिळवावं लागलं. मेसेज दिवसातून दोनदाच बघायचे, आणि बाकी वेळ आपोआप जाणारं उत्तर लावलं की छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल तर मेसेजची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जा. रात्रीचे फोन ऑन-कॉल डॉक्टरकडे, पाळीपाळीने. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसणं बंद. आणि हॉस्पिटलातून घरी यायचा जो रस्ता पूर्वी डोकं शांत करायचा तो आता नव्हता, म्हणून ओपीडी संपली की लॉगआउट, कपडे बदलायचे आणि थोडं चालून यायचं. यातलं चालणं त्यांनी टाळलं, बाकीचं बऱ्यापैकी जमवलं. नुसतं योगा करा, मेडिटेशन करा असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो, पेशंटची संख्या तीच ठेवून श्वास मोजून काय होणार?

एक गोष्ट मात्र माझ्या हातातली नव्हती. झोप येईना म्हणून त्या स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून घेत होत्या, डॉक्टरांमध्ये हे फार दिसतं. सुट्टीच्या दिवशीही झोप नाही, दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, कशातच रस नाही, किंवा जगूच नये असे विचार येतायत, तर ते नुसतं बर्नआउट म्हणून सोडून देऊ नका, सायकियाट्रिस्टला दाखवा, आणि असे विचार येत असतील तर त्याच दिवशी. त्यांनाही मी पाठवलं. त्या आधी कुरकुरल्या, "मला काय सांगणार ते?" मग गेल्या, आणि गोळ्या आता दुसऱ्या डॉक्टरच्या हातात आहेत.