सूत्र तोंडपाठ, तरी गण चुकतात

प्रश्न : आमच्या नववी-दहावीच्या मुलांना ‘यमाताराजभानसलगा’ हे गण ओळखायचे सूत्र घडाघडा म्हणता येते. पण फळ्यावर ओळ लिहिली की गण (तीन-तीन अक्षरांचे गट) चुकतात आणि वृत्तही (ओळीचा ठरलेला साचा). शिकवताना काय राहून जाते?

उत्तर : चूक बहुधा सूत्राच्या आधीच झालेली असते. हव्या त्या गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्याचा क्रम कळतो. लघू म्हणजे आखूड उच्चाराचे अक्षर, गुरू म्हणजे लांब उच्चाराचे. ‘यमाता’ म्हणजे लघू-गुरू-गुरू, ‘राजभा’ म्हणजे गुरू-लघू-गुरू. ओळीतले कोणते अक्षर लघू आणि कोणते गुरू, हे मात्र सूत्र सांगत नाही. निम्मा तास त्यावर द्या.

मनाच्या श्लोकांतली ओळ सुटी करून लिहा : म ना स ज्ज ना भ क्ति पं थे चि जा वे. आधी अक्षरे मोजा, बारा भरतील. मग खुणा करा. इथे मुले ‘ज्ज’लाच गुरू करतात. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो, म्हणून ‘स’ आणि ‘भ’ गुरू. ‘ज्ज’ आणि ‘क्ति’ लघूच. अनुस्वारामुळे ‘पं’ गुरू. खुणा पूर्ण झाल्यावरच तीन-तीनचे गट पाडा : मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. शब्द तुटतात म्हणून मुले बिचकतात आणि गट शब्दाच्या कडेला नेऊन ठेवतात; तिथे ठाम राहा. चारही गट ‘य’, म्हणून भुजंगप्रयात.

वृत्ताचे नाव लक्षात ठेवायला, स्वतःच त्या वृत्तात असलेल्या जुन्या ओळी सर्वांत उपयोगी, कारण त्यांतून चालही मिळते. ‘मंदाक्रांता म्हणति तिजला वृत्त ते मंद चाले’ : म भ न त त ग ग (शेवटचे ‘ग’ म्हणजे सुटी गुरू अक्षरे), सतरा अक्षरे, यती म्हणजे थांबा चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर. ‘आहे वृत्त विशाल त्यास म्हणती शार्दूलविक्रीडित’ : म स ज स त त ग, एकोणीस अक्षरे, यती बाराव्यावर. दोन्ही ओळी शेजारी लिहून विचारा, एकीकडे ‘म्हणति’ आणि दुसरीकडे ‘म्हणती’ का? वृत्तासाठी कवी ऱ्हस्व-दीर्घ बदलतो, हे मुलांना तिथल्या तिथे दिसते. दुसऱ्या ओळीत ‘त्या’मागचा ‘ल’ आणि ‘म्ह’मागचा ‘स’ लघूच राहतात, कारण उच्चारात आघात नाही. ‘तुम्ही’, ‘तुझ्या’ यांतला ‘तु’ही तसाच. त्यामुळे खुणा करण्यापूर्वी ओळ मोठ्याने म्हणून घ्या. शेवटचे ‘त’ चरणान्ती म्हणून गुरू.

चरणांतली अक्षरे सारखी भरली नाहीत तर गण पाडत बसू नका. मात्रा मोजा : लघूची एक, गुरूच्या दोन. प्रत्येक चरणात सोळा आल्या आणि आठ-आठ अशी चाल असली तर पादाकुलक. अभंग-ओवीत गण किंवा मात्रा यांतले काहीच चालत नाही.

प्रश्न : अलंकारांसाठी ‘सम, सारखा, जणू, गमे, भासे’ ही यादी पाठ करून घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण ती फक्त शंका घ्यायला. रूपकात दोन्ही गोष्टी एकच मानलेल्या असतात, असा शब्दच नसतो, तिथे यादी निरुपयोगी. वर्णन कशाचे (उपमेय), तुलना कशाशी (उपमान), दोघांत समान काय, ही तीन उत्तरे वहीत आल्याशिवाय अलंकाराचे नाव लिहू देऊ नका. नुसते साम्य सांगितले असेल तर उपमा. उपमेय जणू उपमानच आहे अशी कल्पना असेल तर उत्प्रेक्षा.