रेल्वेचा राजीनामा देऊन बास्केटबॉल अकॅडमी? आधी जूनचा हिशोब मांडा

प्रश्न भुसावळच्या एका ताईंचा आहे. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागून ११ वर्षं झाली, वय ३४, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर संघात जागा उरली नाही. हातात ५२ हजार पगार, घराचा हप्ता १४,५००, एफडी ६ लाख, एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) ११ लाख. मिस्टरांची रावेर तालुक्यात केळी. राजीनामा देऊन, एनपीएसचे पैसे काढून आणि दागिने तारण ठेवून जळगावात मुलींसाठी स्वतःचं कोर्ट बांधू का, असं त्या विचारतात.

ताई, कोचिंग नक्की करा. राजीनामा मात्र देऊ नका.

३० मुली, महिना ८०० रुपये, म्हणजे २४ हजार, असा तुमचा हिशोब. गुणाकार बरोबर आहे, पण तो बारा महिने धरलाय. मार्चला परीक्षा म्हणून मुली थांबतात, दहावीला गेली की घरचेच खेळ सोडायला लावतात. हे तुम्हाला मी काय सांगणार! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, उघड्या कोर्टवर आठनंतर उभं राहवत नाही. समर कॅम्प म्हणजे भल्या सकाळची एखादी बॅच. पुढे पाऊस लागला की सिमेंट निसरडं. आणि नेमकं मे-जूनच्या वादळातच केळीची बाग आडवी होते. शाळेची फी, खतं, बियाणं, हप्ता सगळं एकदम दारात येतं त्याच जून महिन्यात घरातली दोन्ही उत्पन्नं बसलेली असतील. आज तो महिना तुमच्या पगारावर निघतो.

एनपीएसवर तर विसंबूच नका. साठीआधी राजीनामा दिला तर तुमच्या रकमेतले निदान ८० टक्के ॲन्युइटीत, म्हणजे ठराविक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, अडकतात. हातात येतील साधारण सव्वादोन लाख. यूपीएस, म्हणजे हमीच्या पेन्शनची नवी सरकारी योजना, घेतली असेल, तरी राजीनामा देणाऱ्याला त्यातलं हमीचं पेन्शन नाही. पास आणि रेल्वे हॉस्पिटलही जाईल, आणि गुडघा तर तुमचा अजून दुखतोय.

कोर्ट बांधायचा हट्टही सोडा. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटर, म्हणजे ४२० चौरस मीटर. बारा वर्षांच्या पोरींना ड्रिबलिंग (बॉल टप्प्याटप्प्याने नेणं) आणि ले-अप (धावत जाऊन जवळून बास्केट करणं) शिकवायला अर्धं पुरतं. एखाद्या शाळेचं कोर्ट संध्याकाळी भाड्याने घ्या. दागिन्यांना हात लावू नका. पहिली मुलगी यायच्या आधीच व्याज सुरू होईल.

एक अडचण आहे. रेल्वेच्या आचारनियमांत हौशी खेळाला किंवा मानधनाविना सामाजिक कामाला मोकळीक आहे, फी घेऊन शिकवायचं तर आधी मंजुरी लागते. ‘मिस्टरांच्या नावावर काढू’ ही पळवाट फारशी कामाची नाही, घरच्यांचा धंदाही कळवावा लागतो. म्हणून पहिलं वर्ष फुकट शिकवा आणि त्याच काळात मंजुरीचा अर्ज टाका. सुट्टी जमवून पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करा, वर्षभराचा डिप्लोमा पुढे बघू. कागद हातात असला की रेल्वेच्याच संघाला कोच व्हायची दारं उघडतात. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या अनिता पॉलदुराई रेल्वेच्याच बास्केटबॉल खेळाडू, आणि त्याही पुढे कोचिंगकडे वळल्या.

एफडीतले ३ लाख बाजूला ठेवा, ते घरखर्चाचे, अकॅडमीचे नव्हेत. बॉल, कोन, कोर्टाचं भाडं आणि कोर्सचा खर्च यांसाठी दीड लाखाची मर्यादा घाला. दोन पावसाळे उलटूनही २० मुली टिकल्या, तर जागेचं पुन्हा बोलू. तेव्हा येताना फीची वही घेऊन या.